ओठापाशी एक ठिपका

रमाकांत बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेला. ज्वाळांच्या सावलीत उभा जन्म काढला, कधी डगमगला नाही. पण त्या दिवशी गोरव्यातल्या फोटोच्या दुकानाची पायरी त्याला एकट्याने चढवेना आणि मी, शेजारी म्हणून, दंड धरून उभा होतो.

अहल्यावहिनींचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. वहिनी कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायच्या. उघड्या चेहऱ्याचा फोटो एकच, पादरा गावी शेवउसळ खाताना थोरल्या बहिणीने, मथुराताईंनी काढलेला. तो ताईंच्या फोनमधून अमेरिकेतल्या भाच्याकडे गेला, तिथून पुण्याच्या आत्याकडे, आणि साबणाच्या वडीसारखा झिजत झिजत रमाकांतच्या हाती आला.

दुकानदार पीयूषने तो पडद्यावर मोठा केला. वहिनींच्या नाकाची चौकोनी फरशी झाली. खोटं सांगत नाही, एका चौकोनावर माशी बसली, ती शेजारच्या चौकोनावर पोचेपर्यंत दमली.

"काका, आ नहीं चाले. वॉट्सअ‍ॅपवर फिरलेला आहे हा. फ्रेमएवढा छापला तर चेहराच उरणार नाही."

"काहीतरी कर बाबा. तुझं मशीन सगळं करतं म्हणे."

पीयूषने कॉम्प्युटरकडून फोटो साफ करून घेतला. पडद्यावर बाई आली, पापणीचा केस न् केस दिसावा इतकी स्वच्छ. मी तर नमस्कारच केला. फक्त त्या अहल्यावहिनी नव्हत्या.

रमाकांत मटकन स्टुलावर बसला. "जुन्यात ओठापाशी ठिपका आहे बघ, विश्वंभर. तीळ होता का रे तिला?"

"बायको तुझी, आणि मला विचारतोस?"

"आठवत नाही. रोज थोडी थोडी पुसली जातेय. आता डोळे मिटले की हे चौकोनच दिसतात."

 मी पीयूषला पादऱ्याच्या बसची वेळ विचारली.

मूळ फोटो पादऱ्यात, ताईंकडे. आणि ताईंचा वर्षभर अबोला, तेराव्याला दुसऱ्या पंगतीत बसवलं म्हणून. पादऱ्याच्या बसमध्ये रमाकांत माफीची वाक्यं घोकत होता. इतकी, की कंडक्टरला पाठ झाली आणि त्याने तीच बायकोला म्हणून दाखवून आपलं भांडण मिटवलं.

दारात ताई म्हणाल्या, "वर्ष लागलं होय, रमाकांतराव?"

घोकलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "ताई, तिचा चेहरा हरवला माझ्याकडून. तो शेवउसळीचा फोटो आहे का हो अजून?"

"फोन भरला की सून सगळं पुसते." ताई थांबल्या. रमाकांतने चौकट घट्ट धरली. "तेवढा पुसू दिला नाही. आधी जेवायला बसा. पहिली पंगत तुमची."

पीयूषने सांगितलं होतं तसा ताईंनी फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, न झिजता. दुसऱ्या दिवशी दुकानात तो उघडला आणि वहिनी समोर आल्या, चष्म्यावरच्या ओरखड्यासकट. ठिपका तीळ नव्हता. शेवेचा तुकडा होता.

"काढून टाकू, काका? मिनिटाचं काम."

"हात लावू नकोस." रमाकांतने त्याचं मनगट धरलं. "पूस म्हणालो होतो मी तिला. राहू दे म्हणाली."

फोटो भिंतीवर लागला, हार चढला. घरातल्या मुंग्या हाराकडे बघतही नाहीत, थेट ओठाकडे जातात. मी स्वतः पाहिल्यात.