वीतभर खाली

भाताच्या खाचरातून निघणारा वायू मोजून माणूस पोट भरू शकतो, हे दादाला बावीस वर्षांत पटलं नव्हतं. धाकट्या भावाला तो ‘बुडबुड्या’ म्हणे, आणि केबिनच्या दारावरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी गावानं हेच नाव उचललं होतं. बुडबुड्या भात संशोधन केंद्रात होता. प्लास्टिकची पेटी रोपांवर उपडी घालायची, दर दहा मिनिटांनी सुईनं तिच्यातली हवा ओढायची आणि साचलेल्या पाण्याखालच्या चिखलातून किती मिथेन आभाळात चाललाय ते कागदावर मांडायचं, हे त्याचं काम.

“एवढं शिकून चिखलाचे ढेकर मोजतोस,” दादा म्हणायचा. “आईला आधी कळलं असतं तर तुझ्याऐवजी मला शिकवलं असतं.”

दादा पाणी टाचेनं मोजायचा. सकाळी अनवाणी खाचरात उतरायचं, टाच रोवायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि पाणी हवं की नको ते सांगायचं. ही टाच आजवर एकदाही चुकलेली नव्हती. तसं खुद्द दादाच सांगायचा, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

मागच्या हंगामात कालव्याच्या पाळ्या कमी झाल्या आणि एके दिवशी जेवताना दादा म्हणाला, “आण बघू तुझी ती नळी.” बुडबुड्याचा घास हातातच राहिला.

“भावोजी, आजची तारीख लिहून ठेवा,” वहिनी म्हणाली. “यांनी कुणाचं तरी ऐकलं.”

नळी म्हणजे भोकं पाडलेला हातभर पाइप. तो खाचरात रोवला की मातीतलं पाणी किती खाली गेलंय ते आत दिसतं. “खाचर सदानकदा भरून ठेवायचं नाही,” बुडबुड्या उत्साहानं सांगू लागला. “नळीतलं पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की मगच द्यायचं. पाणी वाचतं, चिखलाला हवा लागते, मिथेन जवळजवळ निम्म्यावर येतो. फक्त...”

आणि फोन वाजला. संचालकांना कुठलासा तक्ता हवा होता. बुडबुड्या अंगणात जाऊन बोलून आला तोवर विषय गळक्या छपरावर गेला होता. ‘फक्त’च्या पुढचं वाक्य तसंच राहून गेलं. फक्त फुलोऱ्याच्या पंधरवड्यात नळीकडे बघायचं नाही, पाणी उभं ठेवायचं. हे वाक्य त्यानंच लिहिलेल्या पुस्तिकेत पान नऊवर ठळक अक्षरांत होतं. पुस्तिकेच्या चार हजार प्रती वाटल्या होत्या. दादाला दिली नव्हती. घरच्या माणसाला कसली पुस्तिका!

फुलोरा आला तेव्हा गरम वारं सुटलं होतं. दादाची पाळी आली तशी पाटकरी बांधावर आला.

“सोडू का पाणी?”

दादानं नळीत वाकून पाहिलं. वीत भरायला चार बोटं कमी होती. टाच म्हणत होती, सोड.

“नको,” दादा म्हणाला. “साहेबाची नळी नको म्हणतेय.”

शेजाऱ्यानं ती पाळी आनंदानं घेतली. पुढची दहा दिवसांनी आली. त्या दहा दिवसांत दादाच्या खाचरात पेट्या लावायला केंद्राचा सहायक येत होता, कारण बुडबुड्या परिषदेला गेला होता. परिषदेचा विषय होता, शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणे.

कापणीच्या वेळी दादाच्या लोंब्या ताठ उभ्या होत्या. बुडबुड्यानं एक चिमटीत दाबली. निम्म्याहून जास्त नुसती टरफलं.

“माझंच चुकलं रे,” दादा म्हणाला. “माझा पंजा मोठा. वीत तुझ्या हातानं मोजायची होती.”

बुडबुड्यानं तोंड उघडलं. वहिनी बघत होती, सहायक बघत होता.

“यंदा हवाच वाईट होती,” तो म्हणाला.

केंद्राच्या अहवालात दादाच्या खाचराचा मिथेनचा आकडा सगळ्यांत कमी आला. टाळ्या पडल्या. त्या तक्त्यात दाण्यांचा रकानाच नव्हता.

या हंगामात दादाचा रोज सकाळी फोन येऊ लागला. “साहेब, पाणी देऊ का?”

“तुझी टाच काय म्हणते?”

“टाचेचं काय घेऊन बसलास? तू सांग.”

बावीस वर्षं बुडबुड्याला हेच ऐकायचं होतं. आता दादानं एकदा तरी ‘बुडबुड्या’ म्हणावं म्हणून तो फोन कानाला लावून उगाच थांबायचा. एक दिवस दादाच्या हातातून वहिनीनं फोन घेतला. आवाज खाली आणून म्हणाली, “भावोजी, हे आता चप्पल घालून शेतात जातात.”

त्याच दुपारी तो गावी गेला. बांधावरच सगळं सांगून टाकलं. जेवण, फोन, अर्धं राहिलेलं वाक्य. दादा ऐकत राहिला, मग हसला.

“वहिनीनं पढवून पाठवलं ना? लहानपणी कंदील माझ्या हातून फुटला तेव्हाही तू म्हणाला होतास, मी फोडला.”

“दादा, शपथ. हे बघ, पान नऊ.” बुडबुड्यानं पिशवीतली पुस्तिका काढून ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

“छापलंत होय!” दादाला खरोखरच बरं वाटलं. “माझा घोळ झाला म्हणूनच घातलंत ना? चांगलं केलंत. बाकीचे तरी वाचतील.”

छपाईची तारीख मागच्या पानावर होती, चार वर्षांपूर्वीची. दादाचा चष्मा घरी होता. आणि असता तरी त्यानं पुस्तिका उलटी करून तारीख शोधली नसती.

“ते जाऊ दे,” दादा म्हणाला. “नळीत पाणी सहा बोटं खाली गेलंय. देऊ की नको?”

बुडबुड्यानं बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरून टाच रोवली. डोळेसुद्धा मिटले. टाचेला गार लागलं, बाकी काही कळलं नाही. वर बांधावर दादा चप्पल घालून, हात मागे बांधून, त्याच्या उत्तराची वाट बघत उभा होता.