बटरपेपरची दुसरी बाजू

शिक्क्यावरची अक्षरं उलटी होती — शिक्का म्हटल्यावर उलटीच असणार — तरी राधाकृष्ण सरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला. सुकलेल्या जांभळ्या शाईत 'सत्यप्रत', उजवीकडून डावीकडे. कॉलेजातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तो उठवायचा अधिकारही आता उरला नव्हता. खणात टाचणी शोधताना हाताला लागला, इतकंच. कागदावर सुलट यायला हवं तर रबरावर उलट कोरायचं...

आपण कागद उलटवलाच नव्हता.

ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. सायली, त्यांची जुनी विद्यार्थिनी, चारपर्यंत येणार होती. सकाळी पाळीवर जाताना तिचे वडील बन्सी सायकल थांबवून सांगून गेले होते.

"जय भीम, सर. पोरगी आज येतीय. तुमचंच ऐकती ती. नगरला शाळंत जागा हाय, धर म्हनावं." मग हसून, "दोन वर्षं ते आपलं चिकटवतीच हाय. आमच्या कंपनीत एवढा येळ लावला असता तर फोरमननं गेटाबाहेर काढलं असतं."

सरही हसले होते. तेव्हा हसता येत होतं.

एका मोठ्या प्रथिनाच्या पृष्ठभागावर नेमकं जाऊन बसेल असं छोटंसं प्रथिन रचायचं — तीन मळसूत्रांची, म्हणजे स्क्रूसारख्या पिळांची जुडी, साठेक अमिनो आम्लांच्या दुव्यांची. पुण्याच्या प्रयोगशाळेत सायली तेच करत होती. जुडी सुरेख तयार झाली, पाण्यात स्थिर राहिली, फक्त बसली नाही. सहा महिने बसली नाही. महिनाअखेरीपर्यंत पाहा, नाहीतर सोड, असं गाइडने तिला सांगितलं होतं, आणि चूक आपल्याच हातात आहे असं समजून ती रोज तोच प्रयोग पुन्हा लावत होती — पत्रात लिहिलं होतं तिने — माझ्या हाताला गुण नाही, सर.

तिच्या हाताला!

दिवाळीत ती याच टेबलाशी बसली होती. पृष्ठभागाचा नकाशा खाली पसरलेला. कुठे धन भार, कुठे ऋण, मध्ये तेलकट खळगी. मळसूत्राची बसणारी बाजू सरांनी बटरपेपरवर काढली, भारांचे लाल-निळे ठिपके देऊन, जशी समोरून दिसते तशी, आणि कागद नकाशावर ठेवला. धनावर ऋण, ऋणावर धन असे ठिपके जुळेपर्यंत दुवे बदलत गेले. पण ती बाजू तर खाली तोंड करून बसणार... शिक्क्यासारखी. म्हणजे डावं उजवीकडे. म्हणजे धनासमोर धन, आणि दोन वर्षांची मेहनत एकमेकांना दूर ढकलत बसलेली.

तिने विचारलं होतं. हे आठवू नये म्हणूनच मी सकाळपासून टाचण्या शोधत होतो काय? "सर, कागद उलटा ठेवायचा का?" आणि मी, वर्गातसुद्धा प्रत्येक वाक्याला 'बहुधा' जोडणारा मी, म्हणालो होतो, "नाही नाही, असाच." आयुष्यात एकदा ठामपणे बोललो. ती माझ्यावर विश्वासून गप्प बसली.

आणि आताचा हा ठामपणा? तोही तसलाच असला तर? अजून सहा महिने जातील पोरीचे. त्यापेक्षा शाळा बरी, बन्सी म्हणतो ते बरं... असं मनाला सांगायला किती सोपं होतं. ही चूक कुणालाच कळणार नव्हती.

चपला वाजल्या. सायली आत आली, पिशवी खाली ठेवून खुर्चीच्या कडेला टेकली. चेहरा उतरला होता. शाळेला होकार कळवायचाय, फक्त आधी तुम्हाला सांगावं म्हटलं, असं काहीतरी ती खाली बघून बोलत राहिली. सरांनी मूठ आवळली होती, आत शिक्का.

"सायली," ते म्हणाले, "दिवाळीत तू मला एक विचारलं होतंस."

तिने मान वर केली. तिला आठवत होतं की नव्हतं, कळेना. कदाचित तिला सगळं आठवत होतं, पहिल्यापासून, आणि ती गप्प राहिली होती. पुढच्या वाक्यात 'बहुधा' घालायला जागा नव्हती. भीती होतीच, पण ती आता त्यांना दाराकडे ओढत नव्हती. त्यांनी मूठ उघडली. घामाने शाई ओलावली होती, आणि तळहातावर, पुसट, अक्षरं सुलट उमटली होती.