चौथ्या मजल्यावरचं दार

अण्णांनी उभी हयात लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरेना, तेव्हा ते कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या गेममधला किल्ला मोजत बसले. सात मजले, शंभरावर खोल्या. एकूणएक भिंत त्यांनी आलेखाच्या कागदावर उतरवली. पुढे पक्षाघाताचा झटका आला आणि माणसांची नावं त्यांच्या हातून निसटली. थोरल्या लेकीलाही ते कधीकधी परक्या बाईशी बोलावं तसं बोलत. किल्ला मात्र तोंडपाठ. सकाळचा चहा झाला की तासाभरात सातवा मजला!

म्हणूनच गेमच्या सीडीला मधल्या भोकाशी केसाएवढी चीर दिसली, तेव्हा लेकीने ती लगेच ड्राइव्हमधून काढून घेतली. ती तडक कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने दहा मिनिटांत कॉपी हातावर ठेवली.

"हुबेहूब आहे, ताई. मूळ सीडी आता लावूच नका."

गेम सुरू झाला, अण्णांची कळी खुलली. पण चौथ्या मजल्यावरचं लोखंडी दार काही उघडेना. किल्ली तीच, कुलूप तेच. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच. चार दिवस हाच घोळ. पाचव्या दिवशी लेक खोलीत आली, तर अण्णा खोडरबर घेऊन नकाशाच खोडत बसलेले.

"अहो अण्णा, बरोबर आहे तो!"

"मग दार का उघडत नाही?" अण्णा म्हणाले. "माझंच डोकं... गेलं."

दुरुस्तीवाल्याने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "चोरून कॉपी करणाऱ्यांसाठी लावलेला सापळा आहे हा. डिस्कवर काही खुणा लपवलेल्या असतात, साध्या कॉपीत त्या येत नाहीत. गेम निमूट सुरू होतो आणि पुढे गाठून अडवतो. मला आधीच सुचायला हवं होतं."

"आता काय करायचं?"

"खुणांसकट वाचणारा ड्राइव्ह आहे माझ्याकडे. पण मूळ सीडी लावावी लागेल. आणि ती चीर..."

"दुसरी सीडी कुठे मिळेल?"

"गेम काढणारी कंपनी केव्हाच बुडाली, ताई."

तिने सीडी दिली. त्याने वेग सगळ्यात कमी ठेवला. टेबलाची कड धरून ती पडद्यावरचे आकडे बघत राहिली. एकोणसाठ टक्के. साठ. एकसष्टला ड्राइव्हमध्ये खाडकन आवाज झाला.

त्याने कप्पा उघडला आणि चिमट्याने एकेक तुकडा कागदावर काढून ठेवला. "मी हळूच फिरवत होतो हो."

"बघितलं मी," ती म्हणाली. त्याला तरी काय बोलणार?

घरी येऊन तिने अण्णांना समजावलं. सीडी बिघडली आहे, तुम्ही नाही. अण्णांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दोन मिनिटांत पुन्हा माउस धरला. रोज सांगायचं आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तिने कॉम्प्युटरची वायरच काढून ठेवली. अण्णा दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. संध्याकाळी तिने मुकाट्याने वायर जोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि माउस तिच्यापुढे सरकवला.

"तुम्ही बघता का जरा? मला जमत नाही."

तिने किल्ली उचलून कुलपाला लावली. दार जागचं हललं नाही. अण्णा पुढे वाकून बघत होते. तिने पुन्हा लावली.