शनिवारी बंद, सोमवारी उघडे

विक्रम जाऊन सव्वादोन महिने झाले, तरी तो रोज सकाळी साडेनवाला कामावर हजर असतो. निदान आमच्या सॉफ्टवेअरचं तसं म्हणणं आहे. मी लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम चालवला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटतो आणि खाली ओळ येते, 'विक्रम यांनी आत्ताच बदल केला.' तो गेल्यावर पहिल्यांदा ती ओळ दिसली तेव्हा मी लॅपटॉप मिटून टाकला. कारण मला ठाऊक होतं, तरीही.

कारण साधं आहे. कारेगावजवळ फॅक्टरीचं बांधकाम चालू आहे, तिथले नकाशे सांभाळायचं काम माझं. सुपरवायझर लोक टॅबवरच्या नकाशावर लाल गोल काढतात, इथे कठडा नाही, इथे भोक उघडं आहे, असं लिहितात. एका जागेच्या खुणांचा एक गट. गट उघडा असला की खुणा सगळ्यांना दिसतात, बंद केला की नकाशावरून जातात. शेकडो गट हाताने बदलत कोण बसणार? म्हणून सॉफ्टवेअरला एपीआय असतो, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम परस्पर त्याच्याशी बोलून ते काम उरकतो. माझ्या खात्याला गट बदलायची परवानगी नव्हती आणि जादा लायसन्स घ्यायचं म्हटलं की कंपनीच्या जिवावर येतं. मग साइटवरच्या सुपरवायझर विक्रमने आपल्या खात्याची चावी, म्हणजे प्रोग्रॅमसाठीचा पासवर्ड, मला दिली. "घे की, आपल्यात काय," म्हणाला. तेव्हापासून मी रोज सकाळी केलेले बदल त्याच्याच नावावर पडतात.

दर शनिवारी क्लायंटची मीटिंग. तिथे उघडे गट कमी दिसले पाहिजेत, हा आमचे मॅनेजर ईश्वर साहेब यांचा दंडक. मग शनिवारी दुपारी मी प्रोग्रॅम चालवून सगळे जुने गट बंद करायचो, शेऱ्यात 'वर्क कम्प्लीटेड' टाकायचो आणि सोमवारी सकाळी सगळे परत उघडायचो. वर्षभर हा लपंडाव चालला. विक्रमलाही तो माहीत होता, हसायचा. कुणाचं काय बिघडतंय, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

त्या सोमवारी माझ्या बहिणीचा, जस्मिनचा साखरपुडा होता. मी शिरूरला घरीच राहिलो आणि गट उघडायचे राहून गेले. मंगळवारी मी पोचायच्या आत विक्रम माळ्यावर चढला. त्याने स्वतः खूण केलेलं भोक टॅबवर दिसत नव्हतं. शनिवारचं सोडा, पण मंगळवारी जे बंद दिसतं ते खरंच झालेलं असतं, एवढा त्याचा माझ्यावर भरवसा होता. भोकावर लोखंडी पत्रा बसवून वर प्लायवूड टाकलंय असं समजून त्याने पाय ठेवला. पत्रा नव्हता, नुसतं प्लायवूड होतं. बावीस फूट खाली पडला.

चौकशीत साहेबांनी एकच कागद पुढे केला. 'वर्क कम्प्लीटेड. गट बंद केला : विक्रम.' त्यानेच लिहिलं, तोच पडला, विषय संपला. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मी तोंड उघडलं नाही. आपण किती भित्रे आहोत, हे मला त्या दिवशी कळलं.

आज दुपारी साहेब म्हणाले, "केविन, हँडओव्हर आहे, नकाशे क्लायंटच्या ताब्यात द्यायचेत. सगळे गट कायमचे बंद कर. नावाच्या रकान्यात कंपनीचं नाव टाक, माणसांची नकोत. संध्याकाळी विक्रमचं खातंही काढून टाकतोय."

म्हणजे उद्यापासून ती ओळ येणार नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. आता खरं काय ते दाखवायलाही काही उरणार नव्हतं.

तेवढ्यात विक्रमचे वडील, सोपानराव, दारात उभे राहिले. वरवंडहून ते तिसऱ्यांदा आले होते. येतात, पाणी पितात, तेच विचारतात. मला 'साहेब' म्हणतात, नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

"साहेब, त्यानं लिवलेलं एकदा दावा. गावात म्हन्त्यात, पोरानं खोटं लिवलं आन् त्यातच गेला."

"आप्पा, ते इंग्रजीत आहे."

"मंग वाचून सांगा. शाळंत दांडी मारली तरी घरी येऊन सांगायचा त्यो. न झालेलं काम झालं म्हनून लिवल व्हय?"

मला त्यांचा राग आला. इतक्या शांतपणे कशाला विचारायचं माणसाने? शिव्या दिल्या असत्या तर मी उठून तरी गेलो असतो.

"बसा," म्हणालो. प्रोग्रॅममध्ये त्या एकाच गटाचा नंबर टाकला. स्थिती, उघडा. शेरा मराठीत लिहिला, त्यांना वाचता यावा म्हणून : 'हे काम झाले नव्हते. हा गट विक्रमने बंद केला नाही. त्याच्या खात्यातून केविनने बंद केला आणि सोमवारी उघडला नाही.' बटण दाबलं. बदलाची मेल क्लायंटपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना गेली. आता ती मला मागे घेता येणार नव्हती.

लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक शब्द लावत वाचलं. 'विक्रमने बंद केला नाही' हे दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"केविन," ते म्हणाले. "हे नाव त्यो घरी घ्यायचा. केविन हाय तवर नकाशाची काळजी न्हाई, म्हनायचा."

आतल्या केबिनमध्ये साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठं असतो ह्यो?" सोपानरावांनी मला विचारलं.

"तुमच्यासमोर बसलाय, आप्पा."