डाव्या पायाची खोड

चढावर गाडी पुन्हा रडायला लागली. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी पुढे सरकत नाही आणि वर जळका वास. ऑफिसातून दमून निघालेल्या हेडक्लार्कच्या तोंडून आपसूक निघालं, "हिनेच लावली वाट!"

हे वाक्य त्याच्या तोंडात पक्कं बसलं होतं. वर्षापूर्वी पहिली क्लच प्लेट जळाली, तेव्हा नुकतीच गाडी शिकलेली बायको त्याला आयतीच सापडली. बायकांच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं, असं त्याने जिन्यात शेजाऱ्यांसमोर ऐकवलं आणि चावी खिशात घातली. अर्धांगवायूतून सावरणाऱ्या त्याच्या वडिलांना ती आठवड्यातून तीनदा गाडीने व्यायामाला न्यायची. आता बसने नेऊ लागली. बसची पायरी उंच, म्हाताऱ्याचा पाय उचलेना. तीनदाचं एकदा झालं, मग तेही सुटलं. म्हातारे पुन्हा खाटेला खिळले.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी आधी त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारली. मग हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते आपलं फिरतच राहिलं. प्लेट पार झिजली होती. हेडक्लार्कने बायकोचं पुराण सुरू केलं. मिस्त्री हात पुसत ऐकत होते.

"वहिनींनी शेवटची गाडी कधी चालवली?"

"झालं की वर्ष. चावी माझ्याकडेच असते."

"आणि ही प्लेट मी कधी टाकली?"

हेडक्लार्कने मनात हिशेब केला. प्लेट बदलल्यापासून गाडीला त्याच्याशिवाय कोणाचाच पाय लागला नव्हता! दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढण्यात हयात गेली, पण ही एवढी साधी गोष्ट त्याला दिसली नव्हती.

मिस्त्री दमून स्टुलावर टेकले. "गिअर टाकून झाला तरी तुमचा डावा पाय पेडलवरच असतो, साहेब. चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरता. मागची प्लेटही अशीच गेली असणार. तुम्ही वहिनींचं नाव घेतलंत आणि मीही मान डोलावली. तेव्हा तुमच्या शेजारी बसून एक फेरी मारायला हवी होती. चुकलंच माझं."

दोन दिवसांनी दुरुस्त गाडी घेऊन तो घरी आला. जिन्यात तेच शेजारी गप्पा मारत होते. त्याने बायकोला खाली बोलावलं आणि सगळ्यांदेखत चावी तिच्या हातात दिली.

"दोन्ही वेळा क्लच मीच जाळला. उगाच तुझ्या माथी मारलं."

ती चावीकडे बघत राहिली. रागवायचंही त्राण नव्हतं तिच्यात. "हे वर्षापूर्वी बोलला असतात, तर बाबा आज चालत असते."



सकाळी दोघांनी मिळून म्हाताऱ्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. ती बिचकत, पण नीट चालवत होती. गिअर पडला की तिचा पाय पेडलवरून बाजूला. शेजारी बसलेल्या हेडक्लार्कचा डावा पाय मात्र नुसत्या मॅटवर दाबलेला होता.

"पाय उचला," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

त्याने मुकाट्याने उचलला.

वाचकहो, क्लच प्लेट नवी मिळते. म्हाताऱ्याचं वाया गेलेलं वर्ष कुठल्या गॅरेजात मिळणार? दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला पाय कुठे आहे, तेवढं एकदा बघत जाऊ या.