माझ्या कपाळावरचा पोचा

मी एक जुना डाव आहे. रस्सा वाढायचा, हातभर दांड्याचा, लोखंडी. सध्या एका निवृत्त साहेबांच्या दिवाणखान्यात मखमलीवर टांगलेला आहे, आणि मित्रांनो, मी संतापलेलो आहे. माझ्या कपाळावर एक खोल पोचा आहे. साहेब पाहुण्यांना सांगतात, "ही गोळीची खूण. ऐन लढाईत जवानांच्या पंगतीला बसून जेवत होतो."

थापा मीही मारतो. पण माझ्या थापांनी कोणी उपाशी राहिलेलं नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. दरीत कोसळलेल्या लष्करी ट्रकच्या पत्र्यातून त्याने मला ठोकून काढलं. पहिल्याच दिवशी मी एका अस्वलाला पळवून लावलं. बरं, अस्वल नव्हतं, खेचर होतं. पण पळालं खरं. मग मी डोंगरावरच्या एका ठाण्यात आचाऱ्याच्या हाती पडलो. हा आचारी म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. वारा असा सुटायचा की आमच्या रश्श्याची वाफ थेट सरहद्दीपलीकडे जायची, आणि तिकडचे शिपाई नुसत्या वासावर कोरडा पाव खायचे असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

ठाण्याचे पहिले साहेब उंचीने बेताचे, आवाजाने तोफ. जवान त्यांना पाठीमागे 'थोरले' म्हणत. थोरल्यांचा एक नियम होता. पातेलं चुलीवरून उतरलं की पहिले डाव झाकणाच्या डब्यात पडायचे. गस्तीवर गेलेल्यांचे. जे समोर नाहीत, त्यांचं आधी. मग रांगेतल्यांचं. सगळ्यात शेवटी थोरले स्वतः ताटली घेऊन यायचे.

"साहेब, तळ दिसायला लागलाय," आचारी कुरकुरायचा.

"मग तळ वाढ. आणि तोंड का पाडतोस? तुझं काढलंस का?"

"माझं काय, मी वास घेऊनच जाड होतो."

"खोटारड्या! आण ती ताटली, निम्मं निम्मं करू."

थोरले शिव्याही देत. पण एकदा धुक्यात वाट चुकून सगळी तुकडी सहा तास फिरली, तेव्हा वरून विचारणा झाली. थोरल्यांनी सगळ्यांदेखत कळवलं, "वाट मी चुकलो. नकाशा माझ्या हातात होता." म्हणून तर ते कामाला दोन माणसं मागत आणि सहा उभी राहत.

मग थोरल्यांची बदली झाली आणि आले इस्त्री साहेब. नाव अर्थात जवानांनी ठेवलेलं. पँटची घडी अशी की तिच्यावर पाव कापावा! त्यांचं ताट पहिलं निघायचं, झाकून, त्यांच्या खोलीत जायचं. आचाऱ्याने दात आवळले, पण झाकणाचा डबा मात्र सोडला नाही.

एके दिवशी मुख्यालयातून पाच पाहुणे तपासणीला आले. त्याच दिवशी हवालदार आणि त्याचे आठ जवान वरच्या खिंडीत बर्फ फोडायला गेले होते. शिधा घेऊन येणारी गाडी चार दिवस खाली अडकलेली. चूल दिवसातून एकदाच पेटायची. पाहुण्यांनी रश्श्याची तारीफ केली. इस्त्री साहेब फुगले आणि स्वतः मुदपाकखान्यात आले.

"पाहुण्यांना आणखी वाढ."

"पातेलं संपलं, साहेब."

"त्या डब्यात काय आहे?"

"ते खिंडीतल्यांचं आहे."

"ते आत्ता इथे आहेत का?"

"नाहीत. म्हणूनच ठेवलंय."

"हुकूम ऐकू आला का तुला?"

मित्रांनो, त्या डब्यात मलाच बुडवलं गेलं. नऊ माणसांचा घास मी माझ्या तोंडाने उचलला आणि पाच भरल्या पोटांपुढे ओतला. मी वाकलो असतो, तुटलो असतो, तर बरं झालं असतं! लोखंडाला तेवढं साधत नाही. त्यातला अर्धा रस्सा ताटांत तसाच राहिला, हे मी कधी विसरणार नाही.

तिन्हीसांजेला नऊ जण परतले. हवालदाराच्या डाव्या हाताची दोन बोटं काळीनिळी पडली होती. तरी तो हसून म्हणाला, "आचारीबुवा, उघडा तुमची तिजोरी!"

आचाऱ्याने झाकण उचललं. एका जवानाने बोट फिरवून डबा पुसला आणि ते चोखलं. तेव्हा आचाऱ्याने मला उचललं आणि रिकाम्या पातेल्यावर हाणलं. एकदा, दोनदा, दहादा. सगळं ठाणं घुमलं. माझ्या कपाळावरचा पोचा तो आहे.

इस्त्री साहेब धावत आले. "हा कसला आवाज?"

"जेवणाची घंटा, साहेब," आचारी म्हणाला. "जेवण सोडून सगळं तयार आहे."

दुसऱ्या दिवसापासून आचारी शिक्षा म्हणून खंदक खणू लागला. त्यानंतर साहेबांचा प्रत्येक हुकूम पाळला गेला, पण सांगितला तेवढाच. दोन माणसं मागितली की दोनच जायची, तीही नेमून दिल्यावर. साहेबांना वाटलं, शिस्त लागली! बदली झाली तेव्हा त्यांनी आठवण म्हणून मला ट्रंकेत घातलं.

तेव्हापासून मी ही गोळी ऐकतो आहे. पण गेल्या रविवारी दुपारी तो हवालदार आला, नातीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. डाव्या हाताला तीनच बोटं. जेवायला आणखी चार पाहुणे होते. साहेबांनी गोळी उडवली आणि वर विचारलं, "काय हवालदार, आठवतं ना?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं त्याने मला.

"आवाज आठवतो, साहेब," तो म्हणाला. "विसरता येत नाही."

बाईसाहेबांनी त्याच्या ताटात वाढायला घेतलं, तेव्हा त्याने तीन बोटांचा तो हात ताटावर आडवा धरला.

"वहिनी, आधी एक सांगा. बाहेर फाटकाशी या पाहुण्यांचे दोन ड्रायव्हर उन्हात बसलेत. त्यांचं काढलंत का?"

बाईसाहेब थबकल्या. मग आत गेल्या, दोन ताटं भरून घेऊन आल्या आणि स्वतः फाटकाकडे चालू लागल्या. साहेबांचा घास तोंडाशीच राहिला होता. हवालदार वाट बघत होता. ताटं फाटकाशी पोहोचल्यावर त्याने आपल्या ताटावरचा हात काढला.

मित्रांनो, मला घासूनपुसून मखमलीवर ठेवू नका. मोठे व्हाल, कोणाचे तरी साहेब व्हाल; तेव्हा ताट पुढे आलं की आधी विचारा, कोण यायचं राहिलंय? आणि तेवढं जमणार नसेल, तर निदान माझ्या कपाळावरचा पोचा आपल्या नावावर सांगू नका.