गंधकावरचा आळ

टोप्या विणणाऱ्या पीले गावच्या एउदोसिया आंचुंदिया हिच्या बोटांत सांधेवाताने ठाण मांडले, तेव्हा तिच्या हातची टोपी अर्धीच विणून झाली होती. या टोप्या ज्याच्या विणतात त्या तोकिया गवताची काडी केसाहून किंचित जाड. अशी एक टोपी पुरी व्हायला सात-आठ महिने लागतात. एकीने आरंभिलेल्या टोपीला दुसरीने हात लावू नये, हा तिथला नेम. हात बदलला की वीण बदलते.

इस्पितळातून दर पंधरवड्याला पोटात टोचायचे इंजेक्शन मिळू लागले आणि बोटे उलगडली. देवानेच हात परत दिले, या भावनेने तिने मेणबत्ती लावली. दुसऱ्या महिन्यात मात्र तळव्यांवर पिवळ्या पुटकुळ्या उठल्या. त्या सुकल्या तिथे भेगा पडल्या.

"गंधक बाधलंय तुला," नणंद फिलोमेना म्हणाली. "गवत उजळायला गंधकाची धुरी देताना पेटीत कोपरापर्यंत हात घालतेस! माझेही सोलले होते की. लिंबू चोळ."

"लिंबू? जीव घेता का माझा, वन्सं!"

गंधकाने हात सोलणे त्या गावात कोणालाच नवे नव्हते. म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी "काही त्रास?" असे विचारले की ती मांडीवरच्या मुठी मिटून घेई आणि "नाही" म्हणे. असे तीन महिने गेले. धुरीचे काम तिने नणंदेकडे सोपवले, तरी भेगा वाढतच राहिल्या आणि टोपी जेमतेम पुढे सरके. एका सकाळी ओलसर विणीवर रक्ताचा ठिपका उमटला, तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना हात दाखवले.

"हे गंधकाचं नाही, इंजेक्शनचं आहे. आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर बंद केलं असतंत."

"आताही बंदच करायचंय. सांधेवाताच्या गोळ्या परत देता येत नाहीत, त्यांनी तुमचं यकृत आधीच दुखावलंय, आणि तिसरं औषध इथे येत नाही."

"चार महिने द्या, बाई. टोपी होऊ दे."

"चार महिन्यांनी तळव्याला कातडी उरायची नाही."

इंजेक्शन थांबले. तळवे हळूहळू निवळले, तान्ह्या बाळाचे असावेत तसे मऊ झाले. आणि बोटे एकेक करून आत वळली, ती वळलेलीच राहिली.

"आण इकडे," फिलोमेना म्हणाली. "मी करते पुरी. कोण बघायला येतंय?"

तिने दोन फेरे विणून टोपी पुढे केली. बोटांना काही उमगेना, म्हणून एउदोसियाने ती गालाला लावून पाहिली. जोड स्पष्ट लागला.

"कळतंय का गं?"

"नाही, वन्सं," ती म्हणाली. "विणा पुढे."